दुखणे माउंटिंगचे, औषध पेडलला

जुनी जीप विकत घेणाऱ्याला फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांत ‘क्लच हायड्रॉलिक करून टाका’ हा सल्ला हमखास असतो. कारणेही ठरलेली असतात. पेडल जड आहे, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो, चढावर गाडी उचलताना ती अंगभर थडथडते, पावसाळ्यात चिखलातून बाहेर पडल्यावर पेडल रोजच्या जागी लागतच नाही. मग गाडीखालच्या सळ्या आणि पिना निघतात आणि त्यांच्या जागी दोन छोटे सिलिंडर, एक नळी आणि ब्रेक ऑइलची डबी येते. कधी गाडी सुधारते, कधी महिन्याभरात तेच रडगाणे पुन्हा सुरू होते, आणि कधी तर आधी नव्हता असा त्रास मागे लागतो. एकच बदल एका गाडीला गुण देतो आणि तिच्याच जातीच्या दुसऱ्या गाडीला देत नाही, तेव्हा दुखणे नेमके कुठे आहे हे न बघताच औषध दिले गेले असे समजावे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण गॅरेजातही चालते. माझे म्हणणे असे की, क्लचचे लिंकेज बदलायचे की नाही हा प्रश्न पेडलापाशी सुटत नाही, इंजिनाच्या माउंटिंगपाशी सुटतो. मूळ इंजिन आणि मूळ माउंटिंग असलेल्या जीपमध्ये जुने लिंकेज नीट करणे हीच खरी सुधारणा. इंजिन बदललेले असेल तर मात्र हायड्रॉलिक ही चैन राहत नाही, ती गरज होते. दोन्ही निकालांमागचे कारण एकच आहे, आणि ते समजले नाही तर दोन्ही कामे बिघडतात.

ज्या गाडीबद्दल हे चालले आहे ती आपल्याकडे परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून बनलेली विलिज एमबी, युद्धानंतर निघालेले तिचे नागरी अवतार, आणि त्यांतला उंच बॉनेटचा सीजे-३बी. महिंद्र अँड महिंद्रने १९४९ साली मुंबईत माझगावला विलिज जीपची जुळणी सुरू केली. सीजे-३बी अमेरिकेत १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे तिचाच सांगाडा इंजिने आणि नावे बदलत पुढे कित्येक दशके निघत राहिला. तहसीलदाराची, वनखात्याची, पाटबंधाऱ्याची, साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची गाडी म्हणून दोन-तीन पिढ्यांनी ती पाहिली. तिच्या लांब केलेल्या बहिणी सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून राबल्या, मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी म्हणून. आता त्यांतल्या उरलेल्या गाड्या हौशी लोकांच्या हातात आहेत, म्हणजे रस्त्यावर कमी आणि ओढ्या-नाल्यांत जास्त. हा बदल महत्त्वाचा आहे. डांबरी रस्त्यावर क्लचचे जे दोष पोटात जातात ते उतारावरच्या दगडांत उघडे पडतात.

गाडीखाली आडवे होऊन पाहिले तर जुन्या जीपचे लिंकेज पाच मिनिटांत समजते. पेडलाचा दांडा चॅसीला धरून आहे. पेडल दाबले की एक सळी हलते आणि एका आडव्या नळीला थोडी फिरवते. या नळीची रचना बघण्यासारखी आहे. तिचे एक टोक चॅसीवरच्या ब्रॅकेटमध्ये गोळ्यावर टेकलेले, दुसरे टोक इंजिनाच्या बाजूला, बेल हाउसिंगपाशी, तसेच गोळ्यावर टेकलेले. नळीला दोन आखूड दांड्या वेल्ड केलेल्या असतात. एकीला पेडलाची सळी, दुसरीला तारेचा एक जाड, आखूड दोर. तो दोर क्लचचा फोर्क ओढतो, फोर्क रिलीज बेअरिंग पुढे सारतो, बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटे दाबते आणि प्लेट सुटते. इथे ‘केबल’ या शब्दाने घोटाळा होतो. मोटरसायकलच्या क्लचची केबल म्हणजे बाहेरून कवच आणि आतून तार. जीपची मूळ केबल म्हणजे नुसती उघडी तार, कवच नाही. त्यामुळे ती थोडी तिरकी झाली तरी चालते, पण तिच्या दोन टोकांमधले अंतर बदलले की क्लचही हलतो. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

इंजिन, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे बोल्टने आवळलेले एकच धूड आहे आणि ते रबरी माउंटिंगवर बसलेले आहे. पेडल चॅसीवर आणि फोर्क या धुडात, म्हणजे डाव्या पायाचा हुकूम एका वस्तूवरून दुसऱ्या, हलणाऱ्या वस्तूवर न्यायचा आहे. ती किती हलते याचा अंदाज आकड्यांवरून येतो. सीजे-३बीचे हरिकेन इंजिन २.२ लिटरचे आणि ७२ अश्वशक्तीचे, त्याचा जास्तीत जास्त टॉर्क ११४ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १५५ न्यूटन-मीटर. टी-९० गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे प्रमाण साधारण २.८, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचे साधारण २.४६. दोहोंचा गुणाकार सातच्या किंचित खाली. घर्षणात जाणारा भाग सोडून दिला, तर लो-फर्स्टमध्ये ट्रान्सफर केसमधून शाफ्टांकडे जाणारा पीळ एक हजार न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. शाफ्टांना जेवढा पीळ मिळतो तेवढाच उलट्या दिशेने धुडाला बसतो आणि तो झेलण्याचे काम माउंटिंगच्या रबरांवर येते. टॉप गिअरमध्ये, हाय रेंजमध्ये हाच आकडा दीडशेच्या आसपास असतो. म्हणजे ज्या वेळी चालकाला क्लच सर्वांत नाजूकपणे सोडायचा असतो, दगडावर चाक टेकवून इंचाइंचाने गाडी चढवायची असते, नेमक्या त्याच वेळी इंजिन सातपट जोराने वळत असते. त्यात जीपची चॅसी म्हणजे शिडीसारखी जोडलेली दोन पोलादी चॅनेल्स. एक चाक खड्ड्यात आणि समोरचे दगडावर गेले की तीही पिळवटते. हा दोष नाही, चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून तिने तसेच करायला हवे.

आता थडथडीचे कोडे उलगडते. क्लच सोडताना प्लेट पकडू लागली की टॉर्क वाढतो, टॉर्कने धूड वळते, धूड वळले की पेडल जागचे न हलताही फोर्क थोडा ओढला जातो आणि प्लेट किंचित सुटते. सुटली की टॉर्क पडतो, धूड परत जागेवर येते, फोर्क ढिला होतो, प्लेट पुन्हा पकडते. हे सेकंदाला अनेकदा घडते आणि गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. चालकाला वाटते प्लेट खराब आहे, किंवा प्लेटवर तेल आले आहे, आणि कधी कधी ते खरेही असते. पण प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळे नवे टाकूनही थडथड राहिली तर तिचे मूळ या चक्रात शोधावे. शोधण्याची रीत साधी आहे आणि तिला कुठलेही यंत्र लागत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड. पेडलाला कोणीही हात-पाय लावायचा नाही. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून पहारीने इंजिनाला बाजूने उचलल्यासारखा रेटा द्यायचा आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात फोर्ककडे पाहत राहायचे. इंजिन हलले आणि फोर्क आपल्या जागी राहिला तर लिंकेजचे ठीक चालले आहे. इंजिनाबरोबर दोर ताणला जाऊन फोर्क पुढेमागे होत असेल, तर चोर सापडला.

एवढे वाचल्यावर ‘म्हणजे मुळातली रचनाच चुकीची होती’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अन्यायाचा आहे. आडव्या नळीच्या दोन्ही टोकांना साधे बुश न घालता गोळे घातले, ते काही शोभेसाठी नव्हे. चॅसी आणि इंजिन एकमेकांपासून वेगळे हलणार हे आराखडा काढणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. नळीचे एक टोक चॅसीवर आणि दुसरे इंजिनावर ठेवले, आणि फोर्कचा दोर इंजिनाकडच्या टोकाजवळ जोडला, तर इंजिन हलले की दोराची दोन्ही टोके जवळजवळ एकत्रच हलतात आणि हालचालीचा मोठा भाग आपोआप वजा होतो. पूर्ण वजा होत नाही, पण मूळ इंजिनाच्या ताकदीला आणि मूळ रबरांच्या कडकपणाला पुरेल इतका होतो. क्लच दाबताना इंजिन पुढेमागे सरकू नये म्हणून एमबीला एक जाड स्टे केबलही दिलेली होती. इंजिन-गिअरबॉक्सचे धूड तिने चॅसीच्या आडव्या पट्टीला बांधलेले असे. आज ज्या जुन्या गाड्या फिरतात त्यांतल्या कित्येकींना ही केबल नसते. कधीतरी गिअरबॉक्स उतरवताना ती काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. तिच्यावाचून गाडी चालते, त्यामुळे कोणाला तिची आठवणही होत नाही.

मग मूळ इंजिनाच्या जीपमध्ये क्लच बिघडतो तो झिजेमुळे. आडवी नळी काढून गोळा हातात घेतला की गोष्ट डोळ्यांनी दिसते. चिखलात पाणी शिरलेले, ग्रीस वाळून काळ्या पिठासारखे झालेले, आणि गोळ्याची एक बाजू इतकी घासलेली की तिथे बोट फिरवले तर सपाटी लागते. पिनांची भोके गोल न राहता लंबगोल झालेली. पेडलापासून फोर्कपर्यंत अशी सहा-सात ठिकाणे आहेत: सळीच्या दोन्ही बाजूंच्या पिना, दोन गोळे, दोराचा योक, फोर्कचे टोक आणि फोर्क ज्यावर झुलतो तो टेकू. प्रत्येक जागी अर्धा मिलिमीटर ढिलाई म्हणजे कोणाच्या खिजगणतीतही नाही. पण पेडलाचे प्रमाण सहास एक धरले, तर फोर्कच्या टोकाशी हरवलेला एक मिलिमीटर पेडलावर सहा मिलिमीटर खातो. सगळे सांधे फोर्कजवळ नसल्यामुळे बेरीज इतकी सरळ होत नाही. तरी पाऊण-एक इंचाच्या मोकळ्या चालीवर आणखी इंचभर चाल फुकट जायला वेळ लागत नाही. मग मिस्त्री दोराचा नट आवळून पेडल ‘वर आणतो’. त्याने झीज भरून निघत नाही. गोळा सपाट बाजूवर असताना क्लच बरोबर, आणि इंजिनाने कूस बदलून गोळा दुसऱ्या बाजूवर गेला की मोकळी चाल संपलेली; बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि प्लेट जळायला लागते. ही दुरुस्ती फार मोठी नाही. गोळे आणि वाट्या नव्या, लंबगोल भोके लेथवाल्याकडून मोठी करून त्यांत बुश, नव्या पिना, नवा दोर, माउंटिंगची नवी रबरे आणि स्टे केबल. एवढे केल्यावर मूळ इंजिनाची जीप ज्या नरमाईने उचलते ती पाहून पुष्कळांचा हायड्रॉलिकचा हट्ट आपोआप मावळेल. माझ्या मते या गाड्यांसाठी ‘अपग्रेड’ हा शब्दच जड आहे. चिखल अडवण्यासाठी गोळ्यांवर रबरी टोपी आणि ग्रीस निपल एवढी भर पुरे.

इंजिन बदलले की मात्र हा सगळा हिशेब उलटतो, आणि आपल्याकडे इंजिन न बदललेली जीप शोधूनच काढावी लागते. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या सांगाड्यांवर उघड्या जीप बांधून त्या देशभर पाठवल्या जातात. त्यांच्यात मूळ पेट्रोल इंजिन बहुधा नसतेच. त्या जागी दुसऱ्या कुठल्या गाडीचे डिझेल इंजिन, तिसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणि गॅरेजात कापून वेल्ड केलेली माउंटिंगे असतात. डिझेलचा टॉर्क जास्त आणि तो कमी फेऱ्यांवर येतो. शिवाय आयडलिंगला ते जास्त हलते म्हणून रबरे मऊ घातलेली असतात. म्हणजे पीळ वाढला आणि त्याला अडवणारा कमकुवत झाला. बेल हाउसिंगवर गोळ्याची मूळ जागा नसते, म्हणून तो कुठेतरी पट्टी जोडून बसवतात. फोर्क पूर्वी डावीकडे होता तो उजवीकडे निघतो, मग नळी लांब होते, सळीला दोन वाकणे येतात. आडव्या नळीचा सगळा शहाणपणा तिच्या दोन टोकांच्या नेमक्या जागांत होता. जागा बदलल्या आणि तो गेला, उरले फक्त लोखंड. अशा गाडीत नव्या पिना-बुश घालून थडथड थांबत नाही, कारण इथे सांधे ढिले नाहीत, त्यांची मांडणीच इंजिनाच्या हालचालीला फोर्कपर्यंत पोचवते आहे. फोर्क आणि चॅसी यांचा संबंध तोडणे हाच इलाज.

तो तोडण्याचे मार्ग तीन सांगतात. त्यांतला पहिला, म्हणजे सळ्यांना रॉड-एंडचे गोल बेअरिंग लावणे, मुळात तोडत नाही; तो फक्त ढिलाई काढतो. दिसायला देखणा, पण चिखलात रॉड-एंड लवकर वाजू लागतो, आणि ढिलाई गेल्यामुळे इंजिनाची हालचाल उलट जास्त इमानाने फोर्कपर्यंत पोचते. दुसरा मार्ग कवच असलेल्या केबलचा, मारुती ८०० मध्ये होती तसल्या. हा खरोखर तोडतो: कवचाचे एक टोक चॅसीवर, दुसरे बेल हाउसिंगवर, मधली तार कशीही वळली तरी आतली चाल बदलत नाही. स्वस्त आहे, हलक्या क्लचला छान चालतो. डिझेलच्या जड प्रेशर प्लेटला मात्र केबल पुरत नाही, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली तर आतले अस्तर वितळून तार अडकते. तिसरा मार्ग हायड्रॉलिक. बागेतली पाण्याची नळी कशीही वळवली तरी तोटीतून पाणी तेवढेच येते. तेलाच्या होजचेही तसेच आहे. इंजिन डोलू दे, चॅसी पिळवटू दे, मास्टर सिलिंडरमधून जेवढे तेल निघाले तेवढेच स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाणार. हायड्रॉलिकच्या बाजूने खरा मुद्दा हा एवढाच आहे. ‘पेडल हलके होते’ हा मुद्दा नाही. तेल ताकद निर्माण करत नाही; पायाने केलेले काम आणि फोर्कला मिळालेले काम एकच, मधले घर्षण काय वाचेल तेवढेच. झिजलेल्या, गंजलेल्या सळ्यांच्या तुलनेत पेडल हलके वाटते हे खरे, पण ग्रीस लावलेल्या नव्या सळ्यांशी तुलना केली तर फरक फार उरत नाही. ज्याला फक्त हलके पेडल हवे त्याने खर्च करण्याआधी ग्रीसगन वापरून पाहावी.

पेडल हलके-जड होणे सिलिंडरांच्या मापावर असते, आणि इथेच घरगुती हायड्रॉलिक काम सर्वांत जास्त फसते. समजा पेडलाची पूर्ण चाल १५० मिलिमीटर आणि पेडलाचे प्रमाण सहास एक. मग मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकतो. मास्टरचे बोअर पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर, आणि स्लेव्हचे सात अष्टमांश, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर घेतले, तर क्षेत्रफळांच्या हिशेबाने स्लेव्हचा दट्ट्या १८ मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. फोर्कचे प्रमाण दोनास एक धरले तर बेअरिंग नऊ मिलिमीटर पुढे. हे जमण्यासारखे आहे. आता हाताला लागला म्हणून पाच अष्टमांश इंचाचा मास्टर बसवला, तर स्लेव्ह जेमतेम १३ मिलिमीटर जातो आणि बेअरिंग साडेसहाच्या आत थांबते. पेडल लोण्यासारखे हलके, मालक खूश, पण प्लेट पुरती सुटत नाही आणि रिव्हर्स करकरतो. उलट एक इंची मास्टर घातला तर बेअरिंग १६ मिलिमीटर धावते, पेडल दगडासारखे होते आणि डायफ्राम प्रेशर प्लेटची बोटे गरजेपेक्षा जास्त दाबली जाऊन दुखावतात. प्रत्येक क्लचला बेअरिंगची लागणारी चाल वेगळी असते. ती आधी मोजून मग उलटे गणित मांडत यायचे. दुकानात ‘जीपचा हायड्रॉलिक सेट’ मागून चालत नाही, कारण अशा गाड्यांत कोणतीही दोन इंजिने-गिअरबॉक्स सारखी नसतात.

मापाइतकीच जागा महत्त्वाची. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगवरच बसला पाहिजे. तिथे असला की तो फोर्क ढकलतो आणि त्याचा उलटा रेटा त्याच धुडात जिरतो. चॅसीला यात काही कामच उरत नाही. पण बेल हाउसिंगवर बोल्टला जागा नाही, चॅसी मात्र हाताशी आहे आणि वेल्डिंगही सोपे, म्हणून कित्येकदा स्लेव्हची पट्टी चॅसीवर मारतात. अशी गाडी दिसायला हायड्रॉलिक आणि वागायला पूर्वीसारखीच, कारण इंजिन हलले की फोर्क आणि स्लेव्ह यांच्यातले अंतर पुन्हा बदलायला लागते. वर सांगितलेली पहारीची परीक्षा हे काम झाल्यावरही घ्यावी; चॅसीवरचा स्लेव्ह तिथल्या तिथे पकडला जातो. आणखी दोन बारीक गोष्टी गाडी उभी करतात. जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये, नळीत थोडा दाब राहावा म्हणून, एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तोच मास्टर क्लचला वापरला आणि व्हॉल्व्ह काढला नाही, तर पेडल सोडल्यावरही बेअरिंग हलके दाबलेले राहते. आणि जुन्या जीपचे रिलीज बेअरिंग सतत फिरत राहण्यासाठी केलेले नाही, त्याला विसावा हवा. म्हणून स्लेव्हची सळी लांबी बदलता येण्याजोगी ठेवून फोर्कला मागे ओढणारी स्प्रिंग आणि मोकळी चाल राखावी. एअर काढताना स्लेव्हचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. तो खाली तोंड करून बसवला, तर दोन माणसांनी दुपारभर पेडल मारूनही बुडबुडा वरच्या कोपऱ्यात बसून राहतो आणि दोष सिलिंडरच्या रबरांवर जातो.

सर्वांत वजनदार आक्षेप भरवशाचा आहे. सळी तुटली तर बोल्ट आणि तार गुंडाळून माणूस घरी येतो. आडरानात रबर फाटून तेल गळाले तर काय करणार? यात तथ्य आहे, आणि बिनतोड उत्तर देता येत नाही. तरी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हायड्रॉलिक ही जीपला परकी गोष्ट नाही. १९४१ सालच्या एमबीचे ब्रेकच हायड्रॉलिक होते आणि त्यांचा मास्टर सिलिंडर तर फळीखाली, चिखलाच्याच पातळीवर होता. म्हणजे युद्धासाठी गाडी करणाऱ्यांनी तेलाच्या नळीवर ब्रेकसारखी जिवाची गोष्ट सोपवली होती. क्लचला तसे केले नाही, कारण चार चाकांना सारखा दाब पोचवण्याची अडचण क्लचला नव्हती. हातभर अंतरावरचा एक फोर्क ओढायचा होता. दुसरे असे की, सळी तुटते ती एकाएकी. रबर बहुधा आधी पाझरते, पेडल हळूहळू बसू लागते आणि डबीतली पातळी उतरते, म्हणजे रोज बॉनेट उघडणाऱ्याला सूचना मिळते. आणि क्लच अजिबात गेला तरी जुनी जीप थांबत नाही: गाडी लो-फर्स्टमध्ये टाकून स्टार्टर मारला की ती गिअरसह सुरू होऊन चालू लागते. फक्त मग थांबायचे ठिकाण निवडून थांबावे लागते. एक रबर किट आणि तेलाची बंद बाटली सीटखाली असली की बहुतेक भीती संपते. बाटली बंदच हवी. डॉट-३ किंवा डॉट-४ तेल हवेतला ओलावा ओढून घेते आणि आपल्या पावसाळ्यात तर भराभर. कोरडे असताना डॉट-३ निदान २०५ अंशांना उकळायला हवे, असा दंडक आहे. ओले झाल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. स्लेव्ह सायलेन्सरच्या जवळ असेल तर हा फरक कागदावर राहत नाही. आणि इंजिन ऑइल चुकूनही टाकू नये. रबरे फुगून सगळा मार्ग बंद होतो.

दुसरा आक्षेप असा की, माउंटिंगच कडक करा, लोखंडी ठोकळे घाला, इंजिन हलणारच नाही. इंजिन खरोखर हलत नाही, पण मग चॅसीचा सगळा पीळ इंजिनाच्या कानांवर येतो आणि कंपन रेडिएटर आणि बॉडीत उतरते. काही काळाने ब्रॅकेटच्या मुळाशी तडे दिसू लागतात. डिझेलच्या बाबतीत तर हे विचारातही घेऊ नये. फार झाले तर इंजिनाच्या एका बाजूला ढिली साखळी बांधून जास्तीच्या उडीला आवर घालावा.

तिसरा आक्षेप मूळपणाचा, आणि त्यातच कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. प्रमाणपत्रात क्लचच्या लिंकेजचा रकाना नाही. इंजिनाचा आहे. त्यामुळे क्लच हायड्रॉलिक केल्याची काळजी करणाऱ्याने आधी आपल्या इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा, हे माझे थोडे तिरकस पण प्रामाणिक मत. विंटेज नोंदणीची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडीच त्या वर्गात बसते. अशा गाडीवर सिलिंडरसाठी चॅसीला भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे हा शुद्ध तोटा आहे. तिला मूळ इंजिन असणारच, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे जुने लिंकेज दुरुस्त करून तिचे भागते.

राहिला एक आक्षेप, तो उलट्या बाजूचा: करायचेच तर अर्धवट का, आजच्या गाड्यांत असतो तसा बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसणारा सिलिंडरच का घालू नये? फोर्क नाही, टेकू नाही, झिजायला सांधाच नाही. याचे उत्तर खुद्द जीपच्या इतिहासात आहे. लँड रोव्हरने १९५८ च्या सीरिज टूमध्येच क्लच हायड्रॉलिक केला होता; जीपने आडव्या नळीचे लिंकेज त्यानंतरही सीजेच्या काळात दीर्घकाळ चालवले आणि १९८७ च्या रँग्लरमध्ये हायड्रॉलिक क्लच दिला तो एकदम आतला सिलिंडर घालून. तो गळू लागला की रबर बदलण्यासाठी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस खाली उतरवावे लागत. १९९४ पासून त्याच गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या बाहेर आला, दोन बोल्टवर. आत बसणारा सिलिंडर दुकानदाराने कितीही सुटसुटीत म्हणून दाखवला तरी घेणाऱ्याने आधी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी विचारून घ्यावी.